दुधाची फॅट रोज बघता, रक्ताची वही कोण ठेवणार?

शेतकरी बंधूंनो, संध्याकाळी किटली घेऊन दूध संस्थेत उभे राहिलात की तुमची नजर कुठे असते? मापावर एकदा जाते, पण खिळते ती फॅटच्या आकड्यावर. म्हशीची फॅट सातावरून सहावर आली की घरात चर्चा सुरू. पेंड बदलली काय? वैरण वाळकी पडली काय? जनावर आजारी तर नाही ना? पण एका वेळची फॅट कमी लागली म्हणून कुणी म्हैस बाजारात नेत नाही. दहा दिवसांचे बिल हातात आले की मागचे बिल काढून शेजारी ठेवतो, दोन्हींचा मेळ घालतो आणि मगच काय ते ठरवतो.

जनावराच्या बाबतीत एवढा हिशेबी असणारा आपला माणूस स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत मात्र अगदी बेहिशेबी. लॅबचा कागद आला की डॉक्टरने बघितला न बघितला, घडी घालून फडताळात टाकायचा. पुढच्या वेळी नवा दवाखाना, नवी लॅब, नवा कागद. जुना कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आज हे लिहायला बसलो आहे ते या कागदांपायी गेलेल्या आणि या कागदांमुळेच वाचलेल्या दिवसांबद्दल.

आमच्या भावकीतले एक आण्णा. वय अठ्ठावन्न. अडीच एकर ऊस, दोन म्हशी. कंबर दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितले, "मणका सरकलाय, वयोमानानं व्हायचंच." पट्टा बांधला, शेक घेतला, दुखणे वाढेल तशी इंजेक्शने घेतली. पुढे दम लागायला लागला, तेव्हा रक्त कमी आहे म्हणून टॉनिकच्या बाटल्या आल्या. जवळजवळ वर्ष असेच गेले. एके दिवशी खताचे पोते उचलायला वाकले आणि तिथेच बसले. मणका दबून पिचला होता. मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा कळले, हा मल्टिपल मायलोमा आहे. हाडाच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर. मूत्रपिंडांवरही परिणाम झाला होता.

खरी चुटपुट लागली ती नंतर. घरातले जुने कागद चाळताना आठ महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट सापडला. त्यात लिहिले होते : एकूण प्रोटीन ९.६, अल्ब्युमिन ३.१. म्हणजे बाकीचे, ज्याला ग्लोब्युलिन म्हणतात, ते साडेसहा. निरोगी माणसात हे साधारण दोन ते साडेतीन असते. आकडा ओरडून सांगत होता, पण ऐकायला कुणी नव्हते. डॉक्टरने बघितले नाही, लॅबने सांगितले नाही, आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसे, आम्हीही विचारले नाही. दोष एकट्या कुणाचा नाही, पण भोगले एकट्या आण्णांनी.

शेतात एकच तण माजते तसे

हा रोग समजायला फार शिक्षण लागत नाही. आपल्या हाडाच्या मगजात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी, तयार करणे हे त्यांचे काम. हजार तऱ्हेच्या जंतूंसाठी हजार तऱ्हेच्या अँटिबॉडी. मिश्र पिकाचे रान असावे तसे. मायलोमात यातली एकच पेशी बिघडते आणि हराळीसारखी माजते. तिच्या सगळ्या पिलावळीतून एकाच साच्यातले प्रथिन बाहेर पडते. ते लढाईच्या काही कामाचे नाही, नुसती गर्दी. या प्रथिनाला डॉक्टर एम प्रोटीन म्हणतात.

या हराळीने काय होते? चांगल्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी पडते. हाडे आतून पोखरली जातात, म्हणून ती दुखतात आणि थोड्याशा भाराने मोडतात. हाडातले कॅल्शियम रक्तात उतरते, म्हणून तहान, बद्धकोष्ठ, सुस्ती येते. प्रथिनाचा गाळ मूत्रपिंडात साचतो आणि क्रिएटिनिन वाढते. चांगल्या अँटिबॉडी कमी पडल्याने छातीत कफ, न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो.

पण या रोगाची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. बऱ्याच कॅन्सरमध्ये गाठ किती वाढली ते बघायला फोटो काढावे लागतात. इथे हराळी स्वतःच आपला पत्ता रक्तात टाकत असते. तण किती माजले, औषधाने किती जळले, पुन्हा कोंब फुटले का, हे बहुतेक रोग्यांत दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तात मोजता येते.

ही ओळख जुनी आहे. १८४५ साली लंडनमधल्या एका पंचेचाळिशीच्या किराणा व्यापाऱ्याची लघवी त्याच्या डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स या रसायनाच्या जाणकाराकडे पाठवली. तापवली की त्यात गाळ धरायचा, उकळली की विरघळायचा आणि गार झाली की पुन्हा दिसायचा. कॅन्सर ओळखायला वापरलेली शरीरातली ही पहिली रासायनिक खूण मानतात, आणि अजूनही ती बेन्स जोन्स प्रोटीन याच नावाने ओळखली जाते. पुढे स्वीडनच्या आर्ने टिसेलिअस यांनी १९३७ साली विजेच्या साह्याने रक्तातली प्रथिने वेगवेगळी करण्याची रीत प्रसिद्ध केली. १९४८ चे नोबेल त्यांना मिळाले. हीच आजची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी.

तिचा आलेख बघितलात तर तुम्हालाही फरक कळेल. टीबी, लिव्हरचा आजार किंवा जुना जंतुसंसर्ग असेल तरी ग्लोब्युलिन वाढते, पण तेव्हा आलेखावर पन्हाळ्याच्या पठारासारखा रुंद उंचवटा दिसतो, कारण वाढलेली प्रथिने अनेक तऱ्हेची असतात. मायलोमात देवळाच्या कळसासारखे एकच टोकदार शिखर वर येते. आपल्याकडे मणक्याचे दुखणे टीबीचे समजून महिनोन्महिने औषध चालते आणि शेवटी मायलोमा निघतो, असे रोगी थोडे नाहीत. हा घोळ टाळायला हा एक आलेख फार उपयोगी पडतो.

एक आकडा नव्हे, आकड्यांची रांग

आता मुद्द्याचे बोलू. रोग कळला, उपचार सुरू झाले, की खरी गरज लागते ती वहीची. मायलोमा आज बहुधा मुळासकट जात नाही, पण योग्य औषधांनी कित्येक वर्षे दाबून ठेवता येतो. तो दबला की नाही, हे ठरवायची जगभरची रीत ठरलेली आहे. रक्तातले एम प्रोटीन सुरुवातीच्या निम्म्यावर किंवा त्याखाली आले तर औषध लागू पडले. नव्वद टक्के किंवा जास्त उतरले तर फार चांगले लागू पडले. आणि सर्वांत खाली गेलेल्या आकड्यापासून ते पुन्हा पंचवीस टक्के, आणि निदान अर्धा ग्रॅम चढले तर रोग परत डोके वर काढतो आहे. म्हणजे बघा, सगळा न्याय मागच्या आकड्यावर अवलंबून. मागचा कागदच नसेल तर डॉक्टर तरी कशाशी ताडून बघणार?

थॅलिडोमाइड हे औषध तुम्ही ऐकले असेल. गरोदर बायकांनी घेतल्याने हातापायांविना मुले जन्मली म्हणून १९६१ साली ते बाजारातून काढले गेले. तेच औषध मायलोमावर चालते हे १९९९ साली अमेरिकेतल्या डॉ. सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. सगळे उपाय थकलेले ८४ रोगी होते. औषध लागू पडले की नाही हे त्यांनी कशावरून ठरवले? याच प्रथिनाच्या आकड्यावरून. २७ जणांत ते निदान पाव हिश्शाने उतरले, त्यातल्या ८ जणांत नव्वद टक्के किंवा जास्त. त्यानंतर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आली. त्यांच्या देशी कंपन्यांच्या गोळ्या-इंजेक्शनांमुळे उपचार पूर्वीपेक्षा आवाक्यात आले. पण औषध नवे असो की जुने, माप तेच.

आण्णांच्या घरात हे माप सांभाळले त्यांच्या सुनेने. बारावी शिकलेली पोरगी. दूध संस्थेच्या पासबुकासारखीच एक वही तिने केली. तारीख, एम प्रोटीन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अशा पाच ओळी. सुरुवातीला एम प्रोटीन ५.६ होते. सहा-सात महिन्यांत ०.४ वर आले. आण्णा पुन्हा बांधावर फिरायला लागले. साखर कारखान्याची तोड आली तसे म्हणाले, "आता बरा हाय मी, कशाला सारखं रक्त काढायचं?" सून हटली नाही. दर तीन महिन्यांनी नेत राहिली. दीड वर्षाने आकडा ०.५ झाला, मग ०.९. अंगात काही दुखत नव्हते, जेवण नीट होते. पुन्हा तपासले तर १.३. डॉक्टरांनी औषध बदलले. पहिल्या वेळी हाड मोडल्यावर रोग कळला होता. या वेळी हाड मोडण्याआधी कळला. फरक कुठल्या मोठ्या यंत्राचा नाही, वीस रुपयांच्या वहीचा आहे.

वही ठेवताना पाळायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. एका संस्थेत आणि दुसऱ्या संस्थेत फॅटचा आकडा थोडा वेगळा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसेच. लॅब बदललीत तर आकडा चढला की नुसते यंत्र बदलले, हे कळत नाही.

दुसरी, एका आकड्याने घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. या अँटिबॉडीचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, तो रक्तातून निम्मा व्हायलाच तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणून औषध दिल्यावर आठवड्यात आकडा का उतरला नाही, असे विचारू नका. आणि चढला तर पुन्हा तपासून खात्री करतात, मगच निर्णय घेतात.

तिसरी, काही रोग्यांत पूर्ण अँटिबॉडी बनतच नाही, तिचा एक तुकडाच बनतो. त्याला लाईट चेन म्हणतात. साधारण सहात एक रोगी असा निघतो. अशांचे एकूण प्रोटीन नेहमीसारखे दिसू शकते, इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेखही फसवू शकतो. लघवीत बुडवायची पट्टीही हे प्रथिन नीट पकडत नाही, ती मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. त्यांच्यासाठी फ्री लाईट चेन ही रक्ताची वेगळी तपासणी आहे. तीत कप्पा आणि लॅम्डा अशा दोन जातींचे गुणोत्तर बघतात. निरोगी माणसात ते ०.२६ ते १.६५ च्या दरम्यान असते, मूत्रपिंड बिघडलेले असेल तर ही मर्यादा थोडी सरकते. २००१ पासून ही तपासणी जगात वापरात आली. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायला सांगितली तर आळस करू नका, त्यातही हेच मोजतात. अगदी थोडे रोगी असेही असतात की ज्यांच्या रक्तात-लघवीत काहीच उतरत नाही. त्यांना मगजाची तपासणी आणि स्कॅन यावरच राहावे लागते.

चौथी गोष्ट खाण्याची. प्रोटीन वाढलेय म्हटल्यावर लोक डाळ, अंडी, दूध बंद करतात. हे साफ चूक. हे प्रथिन ताटातून आलेले नाही, बिघडलेल्या पेशीने बनवलेले आहे. उपाशी राहून ते कमी होत नाही, उलट माणूस खंगतो. मूत्रपिंडासाठी पथ्य असेल तर ते डॉक्टर सांगतील तेवढेच पाळा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची. दुखते म्हणून गावातल्या गावात वेदनाशामक इंजेक्शने आणि गोळ्या घेऊ नका. आधीच प्रथिनाच्या गाळाने तुंबलेल्या मूत्रपिंडावर डायक्लोफिनॅकसारखे औषध म्हणजे तुंबलेल्या पाटावर आणखी दगड. पाणी भरपूर प्या. आण्णांच्या मूत्रपिंडाचे निम्मे नुकसान रोगाने केले असेल, तर निम्मे त्या वर्षभराच्या इंजेक्शनांनी, असे मला आजही वाटते.

कुणी विचारावे, कधी विचारावे

आता कुणी म्हणेल, कंबर तर सगळ्यांचीच दुखते. भांगलण करणाऱ्या बायकांची, उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या गड्यांची. खरे आहे. शंभर दुखऱ्या कमरांत मायलोमाची एखादीही नसेल. हा रोग फार सर्रास नाही. म्हणून घाबरवायचे नाही, पण विचारायचे आहे. वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे, कंबर किंवा बरगडी दीड-दोन महिने दुखतेच आहे, आणि जोडीला रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेले किंवा वरचेवर न्यूमोनिया, असे जुळून आले तर डॉक्टरांना एवढेच म्हणा, "साहेब, एकूण प्रोटीन आणि अल्ब्युमिन बघून घ्या." ही तपासणी साधी आहे, फार खर्चाची नाही. वजाबाकी तुम्हीही करू शकता. ग्लोब्युलिन जास्त निघाले, किंवा ते नीट असूनही शंका उरली, तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाईट चेन. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा दहा-एक वर्षे लवकर, पंचावन्नच्या आसपास गाठतो. म्हणजे कमावत्या वयातच.

आणि हा रोग पैसा बघून येत नाही. चंदिगडच्या तेव्हाच्या खासदार, अभिनेत्री किरण खेर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये घरात पडल्या, डावा हात मोडला. त्या निमित्ताने तपासण्या झाल्या आणि मायलोमा निघाला. मुंबईत उपचार झाले. त्यांचा हात मोडल्यावर कुणीतरी पुढचे तपासले. आपल्याकडे हात मोडला की प्लास्टर घालून विषय संपतो.

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या पारावर फवारणी आणि कॅन्सरची चर्चा नेहमी निघते. या रोगाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या कीटकनाशक फवारणाऱ्या पुरुषांची तपासणी २००९ साली प्रसिद्ध झाली. रोग नसताना रक्तात एम प्रोटीन दिसण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. असे प्रथिन दिसले म्हणजे कॅन्सर झालाच असे मुळीच नाही. मिनेसोटा राज्यात पन्नाशी ओलांडलेल्या शंभरांत तिघांच्या रक्तात ते सापडले, आणि अशांपैकी वर्षाला शंभरात एकाचाच रोग पुढे जातो. पण फवारणीच्या वेळी हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा आणि नंतर आंघोळ, याचा कंटाळा करू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

सरपंच आणि साहेबांना दोन शब्द

हे सगळे शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. चंदगड-आजऱ्याचा, गगनबावड्याचा माणूस एका तपासणीसाठी दिवसाची रोजंदारी बुडवून कोल्हापुरात येतो. इथे आल्यावर कळते, या तपासणीचा वार वेगळा, कागद वेगळा. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचे तर महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र आणि परळच्या फूटपाथवरची दुसरी. माझे मागणे साधे आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पाटी लागावी : एकूण प्रोटीन-अल्ब्युमिन इथे होते का, इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाईट चेन जिल्ह्यात कुठे, कोणत्या वारी, फुकट की पैशांनी. सीपीआरमध्ये काय होते, काय नाही, हेही त्याच पाटीवर असावे. जे होत नाही ते सुरू करण्याचा ठराव ग्रामसभेने करून वर पाठवावा. रक्ताचा नमुना प्रवास करू शकतो. मग दुखणाऱ्या मणक्याच्या माणसालाच का एसटीत बसवायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. पण उपचारानंतर वर्षानुवर्षे लागणाऱ्या तपासण्यांचे काय, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारून कागदावर घ्यावे. ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि आशाताई यांनी गावातल्या अशा रोग्याची वही महिन्यातून एकदा बघितली तरी पुरे. बीपी-शुगरच्या याद्या जशा ठेवता, तशी या एक-दोन माणसांची नोंद ठेवायला फार कष्ट नाहीत.

तेव्हा बंधूंनो, आज एवढेच करा. फडताळातले, ट्रंकेतले, कौलात खोचलेले सगळे रिपोर्ट काढा. तारखेप्रमाणे लावा. घरातल्या शाळा शिकणाऱ्या पोराच्या हातात वही-पेन द्या आणि आकडे उतरवून घ्या. दोन वर्षांपूर्वीचे हिमोग्लोबिन किती, आजचे किती, हे दिसू द्या. म्हशीच्या फॅटचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाला हे अवघड नाही. आण्णा आजही सकाळी दुधाची किटली घेऊन संस्थेत जातात. पासबुक त्यांच्या खिशात असते, आणि दुसरी वही सुनेच्या कपाटात.